गच्चीवरचा पत्रा आणि पिवळा अलर्ट

ए-२०१ काकू: काल संध्याकाळी गच्चीवरच्या शेडचा पत्रा उडून थेट माझ्या अ‍ॅक्टिवावर पडला, आरसा गेला, सीट फाटली. हवामान खात्याचा अलर्ट आला होता म्हणे, मग कुणी सांगितलं का नाही??

सेक्रेटरी: काकू नमस्कार. ४.१० ला ग्रुपवर टाकला होता, वर जाऊन बघा.

काकू: ते पिवळं चित्र? पिवळा तर मे महिन्यात सारखाच असतो.

ए-३०२ आबा: रंग बघू नका, खालची ओळ वाचा. वारे ताशी ४०-५० किमी असं स्पष्ट लिहिलं होतं. रंग म्हणजे किती सावध राहायचं ते, वारा किती ते नाही.

बी-१०४: माझ्या दामिनी अ‍ॅपवर काहीच आलं नाही

ए-१०२: अगो ते विजेचं सांगतं, वाऱ्याचं नाही

बी-३०३: शेडचे हूक गंजलेत हे मी मीटिंगमध्ये बोललो होतो, तेव्हा पुढच्या वर्षी बघू कोण म्हणालं?

सेक्रेटरी: मेंटेनन्स कुणाचा थकलाय तेही सगळ्यांना माहितीये. असो.

आबा: भांडू नका. वाऱ्याचा आकडा वाचा.

बी-२०२ वहिनी: माझी लेक टेक्ससला असते, तिथे वारा ९३ किमी किंवा गार २५ मिमीची होणार असेल तरच गडगडाटी वादळाची सिव्हिअर वॉर्निंग निघते आणि २०२१ पासून त्यात नुकसानीच्या पायऱ्यापण लिहितात, गार गोल्फच्या चेंडूएवढी की बेसबॉलएवढी ते. वरच्या पायरीला, म्हणजे वारा १२९ किंवा गार ७ सेंमी, सगळ्यांचे मोबाइल आपोआप वाजतात.

ए-१०२: आपल्याकडे हापूसएवढी म्हणा वहिनी, लगेच कळेल 😄

काकू: माझ्या गाडीचं काय ते बोला आधी.

बी-३०३: निसर्गच्या वेळी दोन दिवस आधीपासून सांगत होते की

आबा: ते चक्रीवादळ, समुद्रावरून येताना दिसतं. हा वादळी ढग तासा-दोन तासांत डोक्यावर उभा राहतो म्हणून हा अलर्ट ३ तासांचाच. रात्री ९ ला तोच परत कुणी फॉरवर्ड केला? वेळ बघत जा रे. आणि वाऱ्याचा आकडा.

सेक्रेटरी: काकू, आरशाचे पैसे सोसायटी देईल, सीटचं कमिटीत ठेवतो. यापुढे अलर्ट टाकताना वारा आणि वेळ मी स्वतः टाइप करीन.

काकू: बरं.

सेक्रेटरी: आत्ताचा अलर्ट. पिवळाच आहे. वारा ५०-६०, ७ वाजेपर्यंत. राहिलेल्या पत्र्यांवर चिऱ्याचे दगड ठेवायला दोघंजण वर या.

वहिनी: माझी आमसुलं वाळत घातलीत वर, येताना कुणी घेऊन या प्लीज, मी बाजारात आहे

काकू: मी घेते. तुझी कुठली, निळ्या चादरीवरची ना?