अनुभव धागा: मुख्य दरवाजा बदलल्यावर आलेल्या भेगा आणि ओल

मंडळी, दरवाजा बदलायचा म्हटलं की लाकूड की स्टील, कुलूप कुठलं, यावर घरोघरी चर्चा झडतात. चौकट निघाल्यावर वरच्या भिंतीचं ओझं कोण पेलणार आणि उंबरठा गेल्यावर पाणी कोण अडवणार, हे विचारणारे थोडेच. ज्यांनी हे निस्तरलंय त्यांनी सविस्तर लिहा. सुरुवात मी करते.

आमचं घर संगमेश्वरजवळ, चिऱ्याचं, म्हणजे जांभ्या दगडाचं. सागाची चौकट वाळवीने पोखरली म्हणून सासऱ्यांनी स्टीलचा दरवाजा बसवून घेतला, जुन्यापेक्षा रुंद. चौकटीबरोबर वरच्या लाकडी फळ्याही निघाल्या. त्यांच्या जागी टाकलेला लोखंडी अँगल भिंतीत जेमतेम दोन बोटं टेकलेला. श्रावणात दरवाजाच्या कोपऱ्यातून तिरकी भेग वर चढली. ठेकेदार म्हणाला, प्लास्टर सुकताना असं होतंच, पुट्टी भरू. आम्ही ऐकलं नाही, चिपळूणहून इंजिनिअर बोलावले. त्यांनी आतल्या बाजूने भेगेवर प्लास्टर ऑफ पॅरिसचा आडवा पट्टा ओढला आणि त्यावर तारीख लिहिली. पट्टा तडकला तर भिंत अजून हलतेय. तो तडकला. मग टेकू लावून काँक्रीटचं लिंटेल, म्हणजे दरवाजावरची ओझं पेलणारी आडवी तुळई, ओतलं, दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच भिंतीत घुसवून. टेकू काढायची घाई त्यांनी कोणालाच करू दिली नाही.

ओलीचं कारण निराळं होतं. उंबरठा काढून ओटी आणि माजघराची फरशी एका पातळीत केली होती. आमच्याकडे पाऊस वाऱ्याबरोबर आडवा येतो. दाराखालून आत आलेलं पाणी चौकटीच्या बुडाशी मुरायचं आणि चिरा ते वर ओढायचा. दोन्ही बाजूंना रंगाचे पोपडे, लोणा (भिंतीवर फुटणारा पांढरा क्षार). आता ग्रॅनाइटचा उंबरठा आहे, बाहेरच्या बाजूला उतार दिलेला. पुढे आलेल्या कडेला खालून खाच मारलीय, म्हणजे पाणी तिथेच ठिबकतं, मागे भिंतीकडे वळत नाही.

लीड्सहून (इंग्लंड): ताई, आमच्याकडेही ओझ्याचीच गोष्ट. विटांचं जुनं टेरेस घर, म्हणजे शेजारच्या घरांना चिकटून एका ओळीत असलेलं. बाहेरच्या विटा लाकडी चौकटीवरच टेकल्या होत्या, वर लिंटेल नव्हतंच. ती काढून बसवलेली यूपीव्हीसीची (कडक प्लास्टिकची) चौकट असं वजन घेण्यासाठी नसते. काही महिन्यांत वरच्या सांध्यांत पायऱ्या-पायऱ्यांची भेग दिसू लागली. पोलादी लिंटेल घालून घेतलं. इथे दरवाजा बसवणारा फेन्सासारख्या (दारं-खिडक्या बसवणाऱ्यांच्या नोंदणीच्या) योजनेत नोंदलेला नसेल तर कौन्सिलच्या बिल्डिंग कंट्रोलला आधी कळवावं लागतं. हे कागद घर विकताना वकील मागतो, जपून ठेवा. आणि दारापुढची फरसबंदी भिंतीतल्या ओलरोधक थराच्या (जमिनीतली ओल वर चढू न देणाऱ्या) किमान 150 मिलिमीटर खाली ठेवा.

पाचगणीहून: आमच्याकडे भेग नव्हती, फक्त दाराशेजारी काळी बुरशी. वॉटरप्रूफिंगवाल्याने मोठा खर्च सांगितला. त्याआधी भिंतीवर ॲल्युमिनियम फॉइल चारही कडांनी चिकटपट्टी लावून दोन दिवस ठेवली. थेंब खोलीकडच्या बाजूला जमले, म्हणजे हवेतलं बाष्प. भिंतीकडच्या बाजूला जमले असते तर ओल भिंतीतली. जुन्या दाराच्या फटींतून हवा खेळायची, नव्या दाराने ती बंद केली. स्वयंपाकघरात एक्झॉस्ट बसवला, बुरशी थांबली. खर्च करण्याआधी ही चाचणी कराच.

वाईहून: मातीच्या भिंतीचा वाडा असेल तर चौकटीभोवती सिमेंट लावू देऊ नका. माती ओल घेते आणि सोडते, सिमेंट ती कोंडून ठेवतं. आमच्या चौकटीलगत सिमेंटचा थर हाताने सुटला आणि मागची माती चिखलासारखी निघाली. चुन्याचं काम येणारा गवंडी शोधायला वेळ लागला, पण मिळाला. आधी भिंत उघडी ठेवून पूर्ण सुकू दिली, मगच गिलावा. दिवाळीनंतर काम काढा, उन्हाळाभर भिंत वाळायला मिळते.