काडतुसं विकताना दुकानदाराने नोंद ठेवावी का?

सॅनहोजेकर
परवा इथल्या मित्राशी कडाक्याचं वाजलं, म्हणून हा धागा. कॅलिफोर्नियात काडतुसांची पेटी घ्यायची तर दुकानदार ओळखपत्र बघतो, नाव-पत्ता नोंदवतो आणि सरकारी यंत्रणेचा होकार आल्यावरच माल देतो. 2016 च्या मतदानात 63 टक्के लोकांनी याला कौल दिला, तपासणी 1 जुलै 2019 ला सुरू झाली. जुलै 2025 मध्ये अपील न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांनी 2 विरुद्ध 1 मतांनी ती घटनाबाह्य ठरवली. मला हा निकाल साफ चुकीचा वाटतो. बंदूक तीस-चाळीस वर्षं टिकते, हातोहात फिरते, चोरीला जाते. काडतूस संपतं, पुन्हा घ्यावं लागतं. चोरीची बंदूक बाळगणारा सापडेल तर या दुकानातच. 2012 मध्ये कोलोरॅडो राज्यातल्या ऑरोराच्या चित्रपटगृहात 12 जणांना मारणाऱ्याने सहा हजारांवर काडतुसं इंटरनेटवरून मागवली, कुणी हटकलं नाही.

डॅलसवाला
ऑरोराचं उदाहरण तुमच्यावरच उलटतं. त्याने बंदुकाही रीतसर तपासणी होऊनच घेतल्या होत्या. काडतुसांनाही होकारच आला असता.
शिवाय हे सगळं आधी करून झालंय. मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी यांच्या हत्यांनंतर 1968 मध्ये देशभर कायदा झाला, दुकानदार काडतुसांची विक्री वहीत लिहू लागले. या वह्यांचा तपासाला फारसा उपयोग होत नाही, असं शेवटी एटीएफ या अंमलबजावणी करणाऱ्या खात्यानेच सांगितलं. 1986 मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्या सहीने ती सक्ती गेली. अठरा वर्षं नुसती शाई खर्च झाली.

सॅनहोजेकर
ऑरोराबद्दल तुमचं बरोबर आहे, ते उदाहरण मागे घेतो. पण 1968 ची वही दुकानातच पडून राहायची, ती वाचणार कोण? लॉस एंजेलिसमध्ये 2004 साली अभ्यासकांनी दहा दुकानांच्या दोन महिन्यांच्या नोंदी गुन्हेगारी नोंदींशी ताडून पाहिल्या. 2.6 टक्के गिऱ्हाइकांना काडतूस बाळगायलाच मनाई होती, आणि दोन महिन्यांत त्यांनी दहा हजारांवर गोळ्या नेल्या. स्वतःचं खरं नाव सांगून! वही वाचली तर बोलते. आताचा कायदा माल देण्याआधीच वाचतो, मोठा फरक हाच आहे.

सॅक्रामेंटोची सून
मी नेमबाजी शिकते, म्हणून हे माझ्या अंगावरचं आहे. घर बदललं, बंदुकीच्या सरकारी नोंदीत जुनाच पत्ता राहिला, आणि दुकानात सगळ्यांसमोर नकार आला. दुकानदाराचा दोष नव्हता. पण गुन्हेगारासारखं परत पाठवल्यावर काय वाटतं, ते विचारा. या कायद्यावरचा खटला खालच्या कोर्टात ऐकणाऱ्या न्यायाधीश बेनिटेझ यांच्या 2020 च्या निकालात आकडाच आहे: पहिल्या सात महिन्यांत एक लाखावर लोकांना असा नकार मिळाला, आणि ते मनाई असलेले नव्हते. ऑलिंपिकमध्ये सहा पदकं मिळवणारी नेमबाज किम ऱ्होड या कायद्याविरुद्ध उगाच कोर्टात गेली नाही.

लांजेकर
आमच्याकडे बारा बोअरची बंदूक आहे, रानडुकरांसाठी आजोबांनी घेतलेली. काडतुसं घेतली की दुकानदार परवान्यावर आकडा टाकतो. निवडणूक लागली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा. आम्हाला यात अपमान कधी वाटला नाही. ताई, तुमचा त्रास खरा आहे, पण तो पत्ता न जुळण्याचा आहे. पत्ता दुरुस्त करायची सोय करा, तपासणी कशाला काढायची?

डॅलसवाला
लांजेकर, भारतात बंदूक परवान्याने मिळते, इथे तो घटनेने दिलेला हक्क आहे. हक्क वापरण्यासाठी दर वेळी होकार मागायचा नसतो. आणि नोंदी फुटतात त्याचं काय? जून 2022 मध्ये कॅलिफोर्नियाच्याच न्याय विभागाकडून बंदूक लपवून सोबत बाळगायच्या परवान्यासाठी अर्ज करणाऱ्या लाखाहून जास्त लोकांची नावं-पत्ते इंटरनेटवर उघडे पडले. कुणाच्या घरी शस्त्र आहे, हे चोराला आयतं कळलं.

सॅनहोजेकर
त्या फुटीचं समर्थन मी करणार नाही. माझं मागणं एवढंच: तपासणी दर खरेदीला व्हावी, पण होकार आला की माणसाचं नाव ठरलेल्या मुदतीत पुसलं जावं. आणि पत्ता जुळला नाही तर नकार न देता तिथेच, काउंटरवर, तो दुरुस्त करून मिळावा. सॅक्रामेंटोच्या ताई, असं झालं तर तुम्ही पाठिंबा द्याल?

सॅक्रामेंटोची सून
काउंटरवर दुरुस्ती होणार असेल तर देईन. आजच्या रूपात नाही.