तरुण मांजराचा मधुमेह घरी सांभाळलाय का कुणी? अनुभव लिहा

अबोली
काल शेजारची मुलगी म्हणाली, आमचा बोका वाटीतलं सोडून न्हाणीतल्या बादलीतलं पाणी पितो, खातो राक्षसासारखा आणि तरी बरगड्या दिसतात. वय अवघं चार वर्षं. ऐकलं आणि आमच्या बोक्याचे, तारल्याचे, दिवस आठवले. तिला आधी डॉक्टरकडे पाठवलं, मग हा धागा काढला.

तारल्याला तिसऱ्या वर्षी झालं. आधी दिसल्या त्या मुंग्या. मागच्या पडवीत तो मुतायचा तिथे काळ्या मुंग्यांची रांग, आणि जागा सुकली तरी चप्पल चिकटायची. सासूबाई स्वतः औषधावर, त्यांनी बघताक्षणी सांगितलं, "ताका गोडेंमूत जालां पळय." साखर चारशेच्या वर निघाली. मांजर दवाखान्यात घाबरलं की साखर तशीही चढते, म्हणून डॉक्टरांनी फ्रुक्टोसामाइन ही रक्ताची तपासणी करून घेतली. त्यात मागच्या दोन-तीन आठवड्यांचा अंदाज येतो. पक्कं झालं. मग ग्लार्जिन नावाचं इन्सुलिन, बारा बारा तासांनी एक युनिट.

सुईची सगळ्यांना धास्ती असते, पण ती सर्वांत सोपी. सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंपू वाजला की वाटीत खाणं, तो खाण्यात गुंग असताना सैल कातडी चिमटीत उचलायची आणि सुई आत. रोज जागा थोडी बदलायची. त्याला पत्ताही लागत नसे.

जड गेलं ते वाड्यावरचं प्रेम! स्वारी चार घरी जेवायची आणि प्रत्येक घरी शीत-हुमण, म्हणजे भात आणि माशाची आमटी. मांजराला भाताची गरजच नसते, त्याचं पोट मास-मासळीवर चालतं, हे एकेका घरी जाऊन सांगितलं. शेवटी गळ्यात पट्टा बांधला: 'मला भात देऊ नका, मी औषधावर आहे.'

तुमचंही लिहा. अर्धवट असलं तरी चालेल.

कुडचडेकर
पट्टा भारी! आमच्याकडे आजोबाच चोर. "दोनच शितां घातलीं रे", रोज दोनच.

म्हापसेकरीण
भाकऱ्या टाकताना लिहितेय, चुका माफ.
सिरिंज!! हे आधी वाचा. आपल्याकडे दोन तऱ्हेच्या मिळतात. लाल टोपणाची ४० ची (एका मिलीत ४० युनिटं असलेल्या इन्सुलिनसाठी), केशरी टोपणाची १०० ची. ग्लार्जिन १०० चं असतं. ते लाल सिरिंजमध्ये एकच्या रेघेपर्यंत भरलं तर एक नाही, अडीच युनिटं जातात. एवढ्याशा जिवाला अडीच पट! फार्मसीवाला "सगळ्या सारख्याच" म्हणाला तरी ऐकू नका, टोपण बघून घ्या. प्राण्यांचं म्हणून जे वेगळं इन्सुलिन येतं ते ४० चं, त्याला लाल.
तवा जळतोय, नंतर येते.

पडवीतला_बोका
आमच्या सोन्याला दर पावसात खाज सुटायची आणि दर पावसात स्टेरॉइडचं इंजेक्शन मिळायचं. पाचव्या वर्षी मधुमेह. दुसऱ्या डॉक्टरांनी जुनी फाइल मागितली, बघून गप्प बसले, मग म्हणाले आधी हे बंद. स्टेरॉइडने साखर चढते हे आम्हाला तोवर कुणी सांगितलंच नव्हतं, याचा राग अजून जात नाही. काही महिने इन्सुलिन दिलं, मग हळूहळू सुटलं. तरुण मांजर असेल तर हा प्रश्न विचाराच. आणि चालू स्टेरॉइड मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारून.

नेवरी
सोन्या नाव किती गोड 😍

सत्तरीची_सून
मला घरी साखर तपासायला कानातून रक्त काढायचं जमत नाहीय. मांजरी पळते, मी रडते. कुणी सांगा ना.

अबोली
@सत्तरीची_सून रडू नको गो, जमतं. कोमट पाण्यात पिळलेला रुमाल कानाला थोडा वेळ धर. कडेची बारीक शीर फुगते, उजेडासमोर धरलास की दिसते. कानाच्या मागे कापूस लाव, नाहीतर तुझंच बोट टोचलं जाईल. मोहरीएवढा थेंब पुरतो. मग जागा दाबून धर आणि लगेच उकडलेल्या चिकनचा तुकडा. थोड्या दिवसांनी तारलो आपणहून मांडीत येऊन बसायला लागला, चिकनसाठी. माणसांचं साखर मोजायचं मशीन मांजराला थोडा कमी आकडा दाखवतं, ते डॉक्टरांना सांगून ठेव.

मांडवीकाठ
रात्री साडेअकराला आमची पिंगी भिंतीला धरून झोकांड्या देत चालायला लागली, डोळे मोठ्ठे. संध्याकाळी अर्धंच खाल्लं होतं आणि इंजेक्शन पूर्ण गेलं होतं. फोनवर डॉक्टर म्हणाले, साखर फार उतरलीय, मध बोटाने हिरड्यांना चोळा, तोंडात ओतू नका, आणि निघा. पर्वरीचा पूल ओलांडेपर्यंत मी चोळत होते आणि देवीला हाका मारत होते. वाचली. तेव्हापासून मधाची बाटली औषधाशेजारीच. खाल्लं नाही तर नेहमीचा डोस टोचायचा नाही, आधी डॉक्टरांना फोन.

कुडचडेकर
बाप रे. पिंगीला माझ्याकडून एक बांगडा.

म्हापसेकरीण
आले. बांगडा उकडून द्या हो, कच्ची मासळी रोज नको, तिने बी-वन जीवनसत्त्व कमी पडतं. मीठ-मसाला नको. आणि जून-जुलैत मासेमारीची बंदी असते तेव्हा एकदम खाणं बदलू नका, मेच्या शेवटापासून चिकन थोडं थोडं मिसळा. खाणं बदललं की साखरही बदलते.

नेवरी
बंदीत आमचं मांजर आमच्याशी बोलत नाही 😄

पडवीतला_बोका
चवथीला, गणपतीत, काय करता? आम्ही मूळ घरी, माशेलला. सोन्याला टोपलीतून नेला तर तो थेट माटोळीवर, गणपतीच्या वर फळं-फुलं टांगतो त्या चौकटीवर. सुपाऱ्यांचा घोस खाली, काका वर बघत उभे.

नेवरी
😂😂 आमच्या माटोळीला यंदा कांगलां, ती रानफळं, मिळालीच नाहीत. तुम्हाला कुठे मिळाली? बाजारात भाव ऐकून परत आले.

पडवीतला_बोका
मामाच्या रानातून. पुढच्या वेळी सांगा, आणतो.

सत्तरीची_सून
आमच्याकडे पावसात लाइट गेली की दुसऱ्या दिवशी येते. इन्सुलिनचं काय?

मांडवीकाठ
फ्रिज न उघडता ठेवला तर काही तास काळजी नाही. जास्त वेळ गेली तर ओल्या वाळूत ठेवलेल्या मातीच्या बुडकुल्यात, कुपी प्लास्टिकच्या डबीत घालून. बर्फाला टेकवू नका, गोठलं की फुकट. गढूळ दिसलं तर ग्लार्जिन टाकून द्या, ते पाण्यासारखं स्वच्छच हवं.

सत्तरीची_सून
आणि मागचे पाय? ती टाचा टेकवून चालते, उडी मारत नाही. चारच वर्षांची आहे हो.

अबोली
तारलोही तस्साच चालायचा, पडवीची पायरी चढेना. साखरेने नसा दुखावतात त्याचं ते. साखर ताब्यात आली की बहुतेकांचे पाय सुधारतात, पण वेळ लागतो, आठवडे-महिने. आमचा आता माडाच्या बुंध्यावर चढतो. इन्सुलिन सुटलंय, भात मात्र कायमचा बंद आणि कान अधूनमधून टोचतोच, कारण परत येऊ शकतं. उलट्या झाल्या, खाणं सोडलं, तोंडाला नेलपॉलिश काढायच्या औषधासारखा वास आला तर त्याच दिवशी ने, सकाळची वाट बघू नको.

सत्तरीची_सून
देव बरें करूं ताई. आमच्या वाळपईत केशरी टोपणाच्या सिरिंज नाहीत म्हणतात. लालच आहेत.

म्हापसेकरीण
लाल घेऊ नकोस! शुक्रवारी म्हापशाच्या बाजाराला येणार आहेस का? मी घेऊन ठेवते, पाकीट भाजीवाल्यांच्या ओळीत देते. व्यनि (खाजगी निरोप) कर.

सत्तरीची_सून
येते. सकाळचं इंजेक्शन देऊन पहिल्या कदंबा बसने.