भरमौरचे लक्षणा देवी मंदिर सातव्या शतकातले, हे कशावरून ठरले?

प्रश्न

नमस्कार. मे महिन्यात हिमाचल प्रदेशातील चंबा जिल्ह्यात फिरताना सुमारे ७,००० फूट उंचीवरच्या भरमौर गावी दोन दिवस मुक्काम केला. तेथील चौरासी मंदिरसमूहात लक्षणा देवीचे मंदिर आहे. बाहेरून पाहिले तर दगड आणि लाकडाच्या साध्या भिंती व उतरते छप्पर एवढेच दिसते. एखादे जुने पहाडी घर असावे असे वाटते. आत गेल्यावर मात्र कोरीव खांब आणि छत पाहून मी बराच वेळ तेथेच उभा राहिलो. हे मंदिर सातव्या शतकातले असल्याचे सगळेच सांगतात. लाकूड तेराशे वर्षे टिकू शकते का, आणि हा काळ कोणत्या आधारावर ठरवला आहे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १

आधार मूर्तीच्या पायाशीच आहे. गर्भगृहातील लक्षणा देवीच्या, म्हणजेच पितळी महिषासुरमर्दिनीच्या, पीठावर संस्कृत लेख कोरलेला असून, ही मूर्ती राजा मेरुवर्मन याने करविली आणि गुग्ग नावाच्या कारागिराने घडविली, असे त्यात म्हटले आहे. राजाने आपल्या वडिलांचे, दिवाकरवर्मन यांचे, आणि त्यांच्या पूर्वजांचेही उल्लेख केले आहेत. लेखात वर्ष दिलेले नाही. त्यामुळे अक्षरवळणावरून, म्हणजे गुप्तकालीन लिपीनंतरच्या आणि काश्मीर व आसपासच्या पहाडी भागातली शारदा लिपी रूढ होण्यापूर्वीच्या टप्प्यावरून, अभ्यासकांनी तो साधारण इसवी सन ७०० च्या आसपासचा मानला आहे. डच पुरातत्त्वज्ञ फोगेल यांनी चंबा संस्थानातील असे लेख वाचून १९११ मध्ये प्रसिद्ध केले, आणि या परिसराचा इतिहास आज आपल्याला सलग सांगता येतो तो मुख्यतः त्यांच्या त्या कामामुळे.

त्या काळी भरमौरला ब्रह्मपुर म्हणत आणि ते राजधानीचे ठिकाण होते. दहाव्या शतकात साहिलवर्मन याने राजधानी चंब्याला नेली. आज लहानशा वाटणाऱ्या या गावात एवढे कसबी काम कसे झाले, याचे उत्तर त्यातच आहे. मूर्ती पुन्हा पाहण्याचा योग आला, तर देवीने महिषाचे मस्तक पायाखाली दाबून शेपटी हातात धरून त्याला कसे उचलले आहे, तेवढे अवश्य निरखावे. त्या शरीरात कोठेही आवेशाचा ताण नाही, आणि गुग्गाची थोरवी मला तेथेच जाणवते.

प्रश्नकर्ता

मनःपूर्वक आभार. पण मग हा काळ मूर्तीचा झाला. वास्तूचाही तोच धरायचा का?

प्रतिसाद २

आपली शंका रास्त आहे, आणि म्हणूनच या मंदिराचे भाग वेगवेगळे पाहावे लागतात. छप्पर आणि बाहेरच्या भिंती यांची डागडुजी होत आलेली आहे. त्यांना सातव्या शतकातले म्हणता येणार नाही. दर्शनी भाग, द्वारशाखा (दाराची कोरीव चौकट), मंडपाचे खांब आणि छत यांवरील कोरीवकाम मात्र गुप्तोत्तर शैलीचे असून लेखाच्या काळाशी जुळते. खांबांवरची घटपल्लवाची, म्हणजे कलशातून बाहेर झुकणाऱ्या पानांची, रचना अजिंठा पाहिलेल्या माणसाला लगेच ओळखीची वाटेल.

लाकूड टिकण्याबद्दल सांगायचे तर, देवदाराच्या लाकडात नैसर्गिक तेल असते, त्यामुळे कीड आणि बुरशी सहसा लागत नाही. त्यात हवा थंड. तरीही निर्णायक गोष्ट छप्पर हीच आहे. ऊन-पावसात उघडा असलेला दर्शनी भाग बराच झिजला आहे, तर मंडपातील नक्षी अजून रेखीव आहे, आणि लाकूड एकच असताना पडलेला हा फरक केवळ आडोशाचा आहे. छप्पर वेळोवेळी नीट करणाऱ्या अनाम गावकऱ्यांचे ऋण मला गुग्गाच्या ऋणाइतकेच मोठे वाटते.

प्रतिसाद ३

चंबा-भरमौर मार्गापासून थोडे वर असलेल्या छतराडी गावी शक्तिदेवीचे मंदिरही पाहावे. तेथील उभ्या पितळी मूर्तीवर मेरुवर्मन आणि गुग्ग ही दोन्ही नावे पुन्हा आढळतात. जन्माष्टमी ते राधाष्टमी या काळात जवळच्या मणिमहेश सरोवराच्या यात्रेमुळे भरमौरला अतिशय गर्दी असते. कोरीवकाम शांतपणे पाहायचे असेल तर ते दिवस टाळावेत, आणि अंधाऱ्या मंडपात डोळे सरावेपर्यंत थोडे थांबावे. छताची नक्षी त्यानंतरच दिसू लागते.