मदत हवी: इन्शुलिनची जागा बदलली तर डोस तोच ठेवायचा का?

सासूबाई बरीच वर्षं ३०/७० इन्शुलिनवर (३० टक्के लवकर आणि ७० टक्के सावकाश काम करणारं, असं मिश्रण) आहेत. सकाळी नाश्त्याआधी आणि रात्री जेवणाआधी, पेनने, स्वतःच टोचून घेतात. पण बेंबीच्या डाव्या अंगाची एकच जागा धरून ठेवलीय. तिथे आता लिंबाएवढा मऊ उंचवटा आलाय. "इथं दुखत नाही गं," हे त्यांचं म्हणणं. खरंही आहे, गाठीत सुई कमी बोचते, पण औषधही तिथून धड शोषलं जात नाही. जेवण तेच, युनिट तेवढेच, तरी उपाशीपोटी शुगर कधी १३०, कधी २४०.

डॉक्टरांनी चाचपून "जागा बदलत चला" एवढंच सांगितलं. बदलली आणि औषध पूर्ण लागू पडून रात्री शुगर उतरली तर? शिवाय मांडीला घ्यायला त्या तयार नाहीत, साडी वर घ्यावी लागते म्हणून. नुसत्या पोटावर भागेल का?

प्रतिसाद १
भीती रास्त आहे. चांगल्या जागेवर तोच डोस जास्त पडू शकतो, म्हणून आधी डॉक्टरांना फोन करा. किती कमी करायचा ते तेच ठरवतील. सुरुवातीला झोपतानाही शुगर तपासा, उशाशी ग्लुकोज पावडर ठेवा.

पोटावर भागतं. बेंबीभोवती दोन बोटं सोडून चार भाग करा. एक भाग आठवडाभर, त्यातही आधीच्या टोचणीपासून बोटभर सरकून. गाठीला हात लावायचा नाही, ती बसायला महिने लागतात. परकराची नाडी रुतते ती पट्टीही सोडा. आम्ही कालनिर्णयवर दुधाच्या हिशेबाशेजारी 'डा. वर', 'उ. खाली' लिहितो. आणि सुई दर वेळी नवी घेतात ना? तीच ती वापरूनही गाठी होतात.

प्रतिसाद २
साधं ह्युमन ३०/७० (जुन्या प्रकारचं, नवं सुधारित नव्हे) असेल तर रात्रीचं मांडीत किंवा कुल्ल्यात घेणं बरं, तिथून सावकाश शोषलं जातं, पहाटे शुगर पडायची भीती कमी. रात्री गाऊन घालत असतील तर साडीची अडचणच नाही. मात्र आज पोट, उद्या मांडी असं नको. वेळेला जागा ठरलेली हवी.

धागाकर्ती
दोघांचे आभार. सुईचं विचारलं, तर "बोथट झाली की बदलते" म्हणाल्या! उद्या डॉक्टरांना फोन करते, रात्रीच्या मांडीचंही विचारते. गाऊनला होकार आलाय.