१८६१ साली मुंबईहून पुण्याला यायला इतका उशीर? (मोडी पत्र)

वाड्यातली पणती:
माळ्यावरच्या दप्तरात एक मोडी पत्र निघालं, खापरपणजोबांना त्यांच्या धाकट्या भावाने लिहिलेलं. जाणकाराकडून वाचून घेतलं. मिती श्रावण वद्य ३, शके १७८३, म्हणजे ऑगस्ट १८६१.

पुण्यात आईला दिवसाआड थंडी वाजून ताप भरत होता. कोयनेल (हिवतापावरचं क्विनीन) घेऊन ताबडतोब निघ, असं थोरल्यांनी कळवलं होतं. धाकटे बोरीबंदरला आगगाडीत बसले, पण पत्र आहे खोपोलीहून. पाऊस उघडत नाही, डोली मिळत नाही, तट्टूवाला तोंडाला येईल ते मागतो, तळ्याकाठी देवळात पडून आहोत.

आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या एकच ऐकत आलोय, धाकट्याने आईच्या दुखण्यात टंगळमंगळ केली. त्यांचं नाव निघालं की आजी तोंड वाकडं करायची. पुण्याला रेल्वे १८५८ लाच आली होती ना? मग हे खोपोलीला उतरले कशाला? थापा तर नव्हेत?

कर्जतकर:
थापा कसल्या! १८५८ ला सुरू झाली ती खंडाळा ते पुणे. मुंबईकडची गाडी १८५६ पासून खोपोलीपर्यंत यायची. मधला बोरघाट रुळांनी जोडला गेला १८६३ ला. तोवर सगळ्यांनाच खोपोलीला उतरून डोली, तट्टू नाहीतर बैलगाडीने घाट चढावा लागे आणि खंडाळ्याला दुसरी गाडी धरावी लागे. तळं आणि देऊळ नाना फडणवीसांनी बांधलेलं, अजून आहे. श्रावणातला घाट म्हणाल तर दरड कोसळली की आजही गाड्या आमच्या कर्जतला रखडतात.

टपालवेडा:
पत्रावर अर्ध्या आण्याचं तिकीट आहे का? १८५४ पासून पाव तोळ्यापर्यंतच्या पत्राला तेवढंच लागे, अंतर कितीही असो. नसेल तर बैरंग धाडलंय, म्हणजे दुप्पट भुर्दंड थोरल्यांना. आधीच भाऊ आलेला नाही, वर हे! फोटो टाका.

माई_लोणावळा:
बायकामुलं बरोबर होती का? त्या वर्षांत घाटात हजारो मजूर बोगदे खणत होते आणि पटकीने पटापट मरत होते. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ ला इथे आला आणि काही आठवड्यांत आजारी पडून गेला. कंत्राट पुढे त्याच्या बायकोने, अ‍ॅलिसने सांभाळलं. अशा रस्त्याने भर पावसात लेकरू न्यायचं म्हणजे मीही दहादा विचार केला असता.

वाड्यातली पणती:
माई, मूल होतं. पत्राच्या शेवटी, कडेला बारीक अक्षरात लिहिलंय की चिरंजीवाला कालपासून ढाळ होताहेत, हे मातुश्रींच्या कानावर घालू नये.

थोरल्यांनी ते घातलं नसणारच. आई तापात, तिला नातवाचं काय सांगणार? मग धाकटा का आला नाही असं कोणी विचारलं की गप्प बसायचे, आणि बोल लागला धाकट्याला. आता आजी असती तर तिला हे पत्र वाचून दाखवलं असतं.

टपालवेडा, तिकीट नाही, नुसते शिक्के आहेत. उद्या उजेडात फोटो काढते. भाद्रपदातली दोन पत्रं वाचायची राहिलीत, कोयनेल पोचलं का ते त्यात असेल.