दोन कंपन्यांचं फायबर घेतलं तरी ऑफिसचं नेट बंद पडतं, काय करावं?

वाडीचा_गोडाऊनवाला
राम राम भाऊ लोक. ऑफिस नागपुरात इतवारीत, टॅलीचा (हिशेबाचं सॉफ्टवेअर) सर्व्हर तिथंच, अन् गोडाऊन शहराबाहेर वाडीला. गोडाऊनची पोरं व्हीपीएननं (इंटरनेटवरची खाजगी जोडणी) सर्व्हरला जोडून बिलं काढतात. इतवारीत दोन वेगळ्या कंपन्यांचं फायबर आहे, ड्युअल वॅन (दोन लाईनी लागणारं) राऊटर आहे, तरी परवा रस्ता खोदला न दोन्ही लाईनी एकदमच गेल्या. गाड्या भरून उभ्या, माल मोठ्या रकमेचा, ई-वे बिलाशिवाय (माल नेण्यासाठीचं जीएसटीचं ऑनलाइन बिल) गाडी काढता येत नाही. अन् एरवी एकच लाईन गेली तरी राऊटर कधीकधी तिलाच धरून बसतो. तिसरं फायबर घेऊ की ते बीजीपी (दोन्ही कंपन्यांवरून आपलेच आयपी पत्ते चालवायची पद्धत) करू?

फायबरभाऊ_नागपूर
तिसरं फायबर त्याच खोदकामातून येणार असेल तर पैसे वाया. आधी गच्चीवर जाऊन बघा, दोन्ही वायरी एकाच खांबावरून, एकाच गल्लीतून येतात का. कंपन्या दोन असल्या तरी रस्ता एकच असतो बरेचदा. एक फायबर ठेवा अन् दुसरी लाईन हवेतून घ्या, ५जी राऊटर किंवा गच्चीवरचं रेडिओ लिंक. बीजीपीचं राहू द्या, त्याला स्वतःचा एएस नंबर (इंटरनेटवर आपल्या नेटवर्कचा ओळख क्रमांक) अन् निदान २५६ आयपींचा ब्लॉक लागतो, साध्या ब्रॉडबँडवर ते कोणी देत नाही.

राऊटर धरून बसतो कारण तो फक्त समोरचा कंपनीचा फायबरचा डबा जिवंत आहे का तेवढंच बघतो. वायर पुढे तुटली तरी डबा चालूच असतो न! लाईन चालू आहे का याचा चेक बाहेरच्या पत्त्यावर लावा, ८.८.८.८ (गूगलचा) अन् १.१.१.१ (क्लाऊडफ्लेअरचा) दोन्ही, दर ५ सेकंदांनी, अन् दोन्ही सलग ३ वेळा गेले तरच लाईन बदलू द्या. परत मूळ लाईनवर यायला मात्र चार-पाच मिनिटं थांबवा, नाहीतर लाईन फडफडली की राऊटरही इकडून तिकडे उड्या मारतो. लोड बॅलन्सिंग (दोन्ही लाईनी एकाच वेळी वापरणं) बंद ठेवा, मधेच आयपी बदलला की बँकेची साईट लॉगआऊट करते.

वाडीचा_गोडाऊनवाला
हे पटलं भाऊ. पण ५जीवर गेल्यावर वाडीची पोरं सर्व्हरपर्यंत येतील का?

रात्रपाळी_ॲडमिन
बहुतेक नाही येणार. मोबाईल नेटवर सीजीनॅट असतं, म्हणजे एकच आयपी अनेक गिऱ्हाइकांत वाटलेला, स्वतःचा पब्लिक आयपी मिळत नाही, म्हणून बाहेरून आत येता येत नाही. मुंबईच्या एखाद्या डेटा सेंटरात छोटा क्लाऊड सर्व्हर घ्या, स्टॅटिक (न बदलणाऱ्या) आयपीवाला, अन् इतवारी न वाडी दोघांनीही वायरगार्डनं (एक व्हीपीएन) तिथं जोडायचं, कीपअलाईव्ह (जोडणी जिवंत ठेवायचा ठरावीक सिग्नल) २५ सेकंद. मग इतवारीची लाईन कोणतीही असो, व्हीपीएनचा बोगदा आपोआप परत उभा राहतो. अन् वाडीला तर एकच लाईन दिसते तुमची, तिथंही सिमवालं राऊटर ठेवा, फक्त ऑफिसचंच बघून भागणार नाही. फायबरचा डबा अन् राऊटर दोन्ही यूपीएसवर घ्या.

टेस्ट करताना डबा अन् राऊटर यांच्यामधली केबल काढू नका, ते त्याला लगेच कळतं. डब्याच्या मागची फायबरची पिवळी वायर काढा, शनिवारी संध्याकाळी गाड्या गेल्यावर, अन् वाडीतून एक बिल काढून बघा.